दोन हातांत दिलेले पैसे

मंगळवार, दुपारची कामं आटोपून

प्रिय सूनबाई,

सामान पोचलं. काय काय आलं ते आधी लिहिते, म्हणजे तुझ्याकडची यादी जुळवून बघायला तुला बरं पडेल. शिवाय मन जागेवर नसलं की मला काहीतरी मोजत बसावं लागतं, हे तुला ठाऊकच आहे. पलंग आला, गादी नाही. कपाट आलं, चाव्या नाहीत. कुकर आला, त्याचं झाकण नाही. झाकणाची शिट्टी मात्र आली, कागदात गुंडाळून, वर दोरा बांधून. मिक्सरची मोटर आली, भांडी नाहीत. जेवायचं टेबल आणि चारांतल्या दोन खुर्च्या आल्या. पडद्यांचे दांडे आहेत, पडदे नाहीत. इस्त्रीचं टेबल आहे, इस्त्री नाही. गाडीभाडं बाराशे, हमाली चारशे, पलंग जिन्यात अडकला तो वळवून घेतल्याचे वरचे पन्नास. हमालांना चहा घरचाच केला, त्याचे लावत नाही. एकूण साडेसोळाशे खर्ची पडले आणि घरात आलेल्या एकाही वस्तूचा धड उपयोग नाही.

हमालांतला म्हातारा होता तो दारात थांबून मला म्हणाला, "आजी, बाकीचं मागच्या गाडीत आहे का?" मी म्हटलं, "मागे गाडीच नाही, बाबा." त्याने कुकराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "मग वाटेत पडलं की काय?" मी म्हटलं, "पडलं नाही, वाटणी झाली." "भावाभावांची?" "नवराबायकोची." तर मान हलवून म्हणतो कसा, "तरीच. भाऊ भाऊ झाकणासकट नेतात." चहाचा कप धुऊन ठेवून गेला बिचारा. मी मात्र त्या शिट्टीचा दोरा सोडत तिथेच बसून राहिले. हसू येत होतं आणि संतापही येत होता, दोन्ही एकदमच.

हे कसं झालं ते संध्याकाळी कळलं. आमच्या चिरंजिवांनी यादी केली. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. कंपनीत प्रत्येक सुटा भाग वेगळा लिहायची शिस्त. दोर वेगळा, कप्पी वेगळी, कप्पीचा खिळा वेगळा. त्याने संसाराचीही तशीच यादी केली. कुकर एक, झाकण दोन, शिट्टी तीन. आणि समोरासमोर बसून हे तुझं, हे माझं म्हणायची दोघांचीही तयारी नाही, म्हणून वकिलांमार्फत ठरलं की विषम आकडे त्याचे आणि सम आकडे तुझे. त्याच्या डोक्यात यंत्रं भरलीत हे मला त्याच्या लहानपणापासून माहीत आहे, त्याला मी काय बोलू? पण तू? दिवसभर चष्म्याच्या काचा घासतेस, केसाएवढा फरक तुझ्या नजरेतून सुटत नाही, आणि झाकण कुकरापासून तुटतंय हे तुला दिसलं नाही? दिसलं असणारच. तू बोलली नाहीस. तुझ्या त्या न बोलण्याने मी आता खरोखर टेकीला आले आहे, बाई.

हे सामान ठेवायला आमच्याकडे जागा कुठे आहे? पुढच्या खोलीत पलंग उभा करून भिंतीला टेकवला आहे. त्याच्यामागे तुझे सासरे खुर्ची टाकून रेडिओ ऐकतात. दिसत नाहीत, नुसता खोकला ऐकू येतो. काल मला म्हणाले, "अर्धा संसार आलाच आहे तर मलाही अर्धाच कप चहा कर, हिशेबात बसेल." पंपघरात अख्खा जन्म गेला, तिथल्या आवाजात जे कोणाला ऐकू जात नव्हतं ते सगळे विनोद निवृत्तीनंतर माझ्यावर चालले आहेत. चिरंजीव कामावरून येतात, हात धुतात, भिंतीकडे तोंड करून जेवतात. मी विचारते, "मीठ बरोबर आहे का?" तो म्हणतो, "आहे." एवढंच आमचं बोलणं. मग मी देवापुढे बसते, पण जप करताना मध्येच कपाटाच्या चाव्या आठवतात आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात करावी लागते. देवाला तरी किती वेळा तेच तेच ऐकवायचं.

तुला आठवतं का, तुला आधी मी पाहिलं, त्याने नंतर. माझा चष्मा खाली पडून एक काच तडकली होती. रस्त्यावरच्या पहिल्या दुकानात गेले तर तिथल्या माणसाने पाच नव्या फ्रेमी माझ्यासमोर मांडल्या. तुमच्या दुकानात आले तर तू माझी जुनी फ्रेम उजेडात धरलीस, काड्या उघडून मिटून पाहिल्यास आणि म्हणालीस, "मावशी, ही अजून दहा वर्षं जाईल. नुसती काच बदला. नवी घेऊन कशाला पैसे घालवता?" तुझा शेठ मागून तुझ्याकडे डोळे वटारून बघत होता आणि तुला त्याचं काहीही वाटत नव्हतं. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "मुलगी पाहून आले." हे म्हणाले, "तू तर चष्म्याला गेली होतीस." तयार चष्मा आणायला मी मुद्दाम त्याला पाठवलं. पहिल्यांदा गेला आणि पावती विसरला म्हणून परत आला. दुसऱ्यांदा गेला आणि चष्मा विसरून परत आला, तेव्हा मी समजले. ती फ्रेम अजून माझ्या नाकावर आहे. हे पत्र त्यातूनच लिहिते आहे.

तुमचं का बिनसलं ते मला कोणी धड सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. मला जेवढं दिसलं तेवढंच माहीत आहे. तुझे वडील गेले त्या सकाळी तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला होता आणि वर तीन माणसं अडकली होती, त्यांत एक बाळंतपणाला निघालेली. तो त्यांना सोडवून आला, तोवर तुझ्या वडिलांचं सगळं आटोपलं होतं. ती माणसं टाकून यायला हवं होतं असं मी म्हणू शकत नाही. तुला त्या वेळी तो शेजारी हवा होता, हेही चुकीचं होतं असं म्हणू शकत नाही. पण त्यानंतर त्याने एकदा तरी "माझं येणं राहिलं गं" एवढं म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "कामच तसं होतं." बरोबरच बोलला, आणि त्या बरोबर बोलण्यानेच घात केला. तू दार लावून घ्यावं तशी गप्प झालीस. तुमच्या घरी मी यायचे तेव्हा दोघंही माझ्याशी बोलायचात, एकमेकांशी नाही. त्याचा डबा कुठे आहे हे तू मला सांगायचीस आणि मी त्याला. मी काय टपालवाली होते? असो. तो विषय आता संपला, तुम्ही संपवला. मी तो उकरून काढायला बसलेली नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. गेल्या गुरुवारी त्याची वकील घरी आली. तरुण बाई आहे. चहात साखर नको म्हणाली, त्यावरून मला आधी बरं वाटलं. आलेल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर तिला बसवलं, दुसरीवर मी, चिरंजीव उभे. तिने मला समजावून सांगितलं ते असं. सामानाची वाटणी झाली, आता घर राहिलं. घर विकायचं, बँकेचं उरलेलं देणं फेडायचं आणि राहील ते दोघांत वाटायचं. पण किती कोणाला, हे न्यायाधीश ठरवणार, आणि ते बघणार की घरात कोणी काय घातलं. घर त्याच्या एकट्याच्या नावावर, कारण बँकेने ज्याचा पगार मोठा त्याचं नाव मागितलं. हप्ते त्याच्या खात्यातून. आणि घर घेताना जी पहिली रक्कम भरली ती माझी. एवढं सांगून तिने पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. तो म्हणाला, "आई, नुसती सही आहे."

मी म्हटलं, "नुसती सही असं काही नसतं. थांब, वाचते." पट्टी घेतली, एकेका ओळीखाली धरून वाचलं. भाषा चांगली होती, माझ्या तोंडची नव्हती इतकंच. त्यात लिहिलं होतं की सदर रक्कम मी माझ्या मुलास, त्याच्या एकट्याच्या हाती, त्याच्या एकट्यासाठी दिली. त्या ओळीवर माझी पट्टी थांबली. वकीलबाई सांगत होती की ही रक्कम त्याची एकट्याची ठरली तर ती आधी बाजूला निघेल, मग उरलेल्याचा विचार. आणि उरलेल्यात हप्ते त्याचेच. म्हणजे तुझ्या वाट्याला काय, हे मला विचारावं लागलं नाही. चिरंजीव लगेच म्हणाले, "आणि ते पैसे मी ठेवणार नाही, आई. तुलाच परत देणार. तुझे गुडघे करून घेऊ." खोटं कशाला सांगू? क्षणभर माझ्या मनात हिशेब झाला. गुडघे, वरच्या गच्चीची गळती, ह्यांचं ऐकायचं यंत्र. सगळं भागून वर थोडं शिल्लकही पडत होतं. मन फार लवकर बेरीज करतं, देवाची पोथी समोर असली तरी करतं.

पण ते पैसे दिले तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आला. तुझ्याही येत असेल. आमच्या घरात मोठी रक्कम कधी एका हातात देत नाहीत. ही पद्धत माझ्या सासूबाईंनी घातली, कारण त्यांनी एकदा घरबांधणीचे पैसे आपल्या दोन दिरांपैकी एकाच्या हातात दिले आणि पुढे "मला दिले", "आपल्याला दिले" यावरून दोघे भाऊ मरेपर्यंत बोलले नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे घेणारे दोन हात लागतात, एकावर एक, आणि ते दोन माणसांचे. ह्यांचा पहिला पगारही मी आणि सासूबाईंनी असाच घेतला होता. तुम्ही दोघं घर बघून आलात, पैसे कमी पडत होते. मी माझ्या आईच्या बांगड्या मोडल्या, टपालातली ठेव मोडली आणि तुम्हाला देवापुढे बसवलं. तुझ्या बोटाला काच लागली होती, चिंधी बांधलेली होती. तू संकोचाने हात मागे घेत होतीस. मी म्हटलं, "हात पुढे कर, सूनबाई, नाहीतर मी पैसे परत आत ठेवते." तेव्हा तू केलास. तुझा हात खाली, त्याचा वर. त्यालाही ते गमतीचं वाटत होतं; म्हणाला, "आई, चेक दिला असता तर एवढे हात लागले नसते." तू म्हणालीस, "आई, जड आहे." मी म्हटलं, "जड असू दे, दोघं आहात."

हे सगळं मी वकीलबाईला सांगितलं. कागदाच्या शेवटी लिहिलं होतं की हे मी ईश्वरसाक्ष खरं सांगते. मी विचारलं, "बाई, ही ओळ काढता येईल का?" ती म्हणाली, "नाही हो, आई, तो नियमच आहे." मी म्हटलं, "मग वरची काढा. दोन्ही ओळी एका कागदावर राहिल्या तर मी सही करू शकत नाही." तिने काही युक्तिवाद केला नाही. पेनचं टोपण लावलं आणि म्हणाली, "तुम्हाला पटत नसेल तर करू नका. मी आग्रह करणार नाही." चांगल्या घरची असावी.

पण आमचा चिरंजीव! एवढे दिवस जो भिंतीशी बोलत होता त्याला एकदम वाचा फुटली. "तू माझी आई आहेस की तिची?" मी म्हटलं, "आधी खाली बस." बसला नाही. म्हणाला, "हात वर होता, हात खाली होता, हे काय चाललंय? हप्ते कोणी भरले? एकेक नोंद आहे माझ्याकडे. तिच्याकडे एक तरी कागद आहे का?" मी म्हटलं, "आणि तू जेवलास कुठे?" "म्हणजे?" "म्हणजे दूध, किराणा, वीज, तुझ्या बापाची औषधं, पाहुणे, पलंगावरच्या चादरी. हे कोणाच्या पगारातून येत होतं? तुझा पगार सगळा हप्त्यात जायचा, म्हणून तुझ्या नावावर घर राहिलं. तिचा पगार सगळा पोटात गेला, म्हणून तिच्या नावावर काही राहिलं नाही. विटांची पावती असते. खाल्लेल्या भाजीची कोण ठेवतं?" मी ठेवते, पण मी वेडी आहे. पलंगामागून खोकला आला, मग आवाज आला, "तिच्या पैशांच्या गोळ्या मीही खाल्ल्यात. मलाही साक्षीला घ्या." चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही मध्ये पडू नका." हे म्हणाले, "मध्ये कुठे, मी तर पलंगाच्या मागे आहे." वकीलबाईला हसू आवरेना. मलाही आलं, पण मी ते गिळलं, कारण त्याचा चेहरा बघवत नव्हता. तो वाईट नाही गं. घाबरला आहे. पुन्हा आईबापांच्या घरात, बापाच्या खोकल्याशेजारी झोपायची वेळ आली की माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो.

तिथे सगळं थांबलं असतं तर मी दोन दिवस चिडचिड करून गप्प बसले असते. पण भांडण मिटावं म्हणून वकीलबाई जे बोलली त्याने माझं डोकंच फिरलं. म्हणाली, "आई, तुम्ही दोघं उगाच त्रास करून घेताय. त्यांच्याकडून पत्र आलंय. त्यांना घरातलं काहीच नकोय. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी हक्क सोडल्याच्या कागदावर सही करणार आहेत. ती झाली की तुमचा हा कागद असला काय आणि नसला काय." चिरंजीव खाली बसले. म्हणाले, "बघ. तिलाच नको आहे." असं म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला सुटल्यासारखंही वाटलं आणि लाजही वाटली, हे मला त्याच्या मानेवरून कळतं, लहानपणापासून कळतं.

काही नको! एवढी श्रीमंत कधी झालीस गं तू? दुकानाच्या वरच्या खोलीत राहतेस असं कळलं. शेठने भाड्यात सवलत दिली असेल, पण शेठ म्हातारा झाला. त्याच्या मुलाला तिथे मोबाईलचं दुकान काढायचंय हे तूच मला सांगितलं होतंस. मग कुठे जाशील? वडील गेले, माहेरचं घर भावाने भाड्याने दिलं. दहा वर्षांनी तुझे डोळे काच घासायला पुरणार नाहीत, ह्या धंद्यात कोणाचे पुरत नाहीत. गादी जमिनीवर टाकून, पडदे घडी घालून उशाला घेऊन तू तिथे पडलेली मला दिसतेस. ते झाकण कशावर ठेवतेस, देव जाणे. मान राखायचा म्हणून तू हात झटकलेस, हे मला समजतं. मलाही मान आहे. पण मी कधी भाजीवाल्याकडे दोन पैसे सोडले नाहीत आणि त्याने माझा मान कमी झाला नाही. जे आपलं आहे ते मोजून घ्यावं आणि मग हवं तर देवाला द्यावं, गरिबाला द्यावं. न मोजताच टाकून दिलं तर ते दान होत नाही. ते नुसतं सांडतं. आणि कोणासाठी टाकते आहेस? त्याला तरी त्यातून समाधान मिळणार आहे का? उद्या नवं घर घेईल आणि त्याच्या प्रत्येक भिंतीकडे तोंड करून जेवेल.

मी हे सगळं लिहिते म्हणजे तू परत यावीस असा माझा काही डाव आहे, असं समजू नकोस. तो विचार मी रोज सकाळी दिव्याची वात सारखी करताना करते आणि दिवा लागला की सोडून देते. तुम्ही दोघं एकत्र राहू नका, माझी काही हरकत नाही. हरकत असूनही उपयोग नाही. वाटणी करायची तर करा. पण अख्खी करा. तुम्हाला झाकण आणि कुकर वेगळे करता आले. तेवढ्याच काटेकोरपणे घरही करा. तिथेच तुमचा काटेकोरपणा कुठे गेला? शेजारणी मला विचारतात, "सुनेने काय काय नेलं हो?" त्यांना वाटतं मी बोटं मोडत सांगेन. मी सांगते, "काहीच नेलं नाही, त्याचंच मला दुःख आहे." त्या एकमेकींकडे बघतात. बघू देत. गेल्या आठवड्यात जिन्यात एकीने मला ऐकू येईल असं म्हटलं, "ह्यांची सून जाऊनही ह्यांच्याच डोक्यावर बसलीय." मला उलटून सांगावंसं वाटलं की माझ्या डोक्यावर नाही, नाकावर बसली आहे, चष्मा होऊन. पण पिशवी जड होती आणि गुडघे दुखत होते, म्हणून सोडून दिलं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. फोन तू उचलत नाहीस, आणि फोनवर मी हे बोलू शकले नसते. शुक्रवारी सकाळी मी एकटीच त्या वकीलबाईच्या कचेरीत गेले. बसने गेले, रिक्षा केली नाही. तिला विचारलं, "सही न करणं एवढंच माझ्या हातात आहे का? मला जे माहीत आहे ते न्यायाधीशांना सांगता येईल का?" तिने आधी कचेरीचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, "आई, मी तुमच्या मुलाची वकील आहे, मी तुम्हाला हे सांगायला नको." आणि तरी सांगितलं. म्हणाली की सुनेने स्वतःच हक्क सोडला तर कोणी कोणाला काही विचारणार नाही. विचारायला प्रश्नच उरणार नाही. तिने मागितलं, आणि तिच्या वकिलाने मला साक्षीला बोलावलं, तरच मी उभी राहू शकते. म्हणजे बघ, मी खरं बोलायला तयार बसले आहे आणि मला कोणी विचारत नाही. पैसे मी दोघांच्या हातांत दिले, आणि तुझ्या पगारावर ते घर चाललं, ही दोन वाक्यं मला तिथे उभं राहून, देवाला स्मरून बोलायची आहेत. समोर माझा मुलगा बसलेला असेल हे मला माहीत आहे. मी त्याला काल सांगून टाकलं. जेवणाच्या ताटावरून उठला, मग थोड्या वेळाने येऊन ताट संपवलं. मी त्याची आईच राहणार, त्याला दोन वेळा वाढणार, तो माझ्याशी बोलला नाही तरी वाढणार. तो प्रश्न माझा आहे, तो तू तुझ्या डोक्यात घेऊ नकोस आणि माझ्यावर दया म्हणून तर मुळीच सही करू नकोस. येत्या सोमवारच्या त्या कागदावर सही करू नकोस, एवढंच मागते. तुझ्या वकिलाला माझं नाव आणि पत्ता दे. ह्यांचंही नाव दे, त्यांची फार इच्छा आहे. फक्त त्यांना पुढच्या रांगेत बसवायला सांग, कमी ऐकू येतं. सोबत तिकीट लावलेलं पाकीट घातलं आहे, पत्ता मीच लिहिलाय, तुला फक्त आत एक कागद घालायचा आहे. तिकिटाचे पैसे गेलेले आहेत, ते फुकट घालवू नकोस. मोठं पत्र नको, कारणं नकोत. "बोलावते" एवढा एक शब्द लिही आणि उलट टपाली कळव.

तुझीच,
आई